आमची मर्सिडीज

श्रीमंत माणसाकडे मर्सिडीज असते आणि गरीब माणसाकडे ती नसते, असा एक सर्वसाधारण समज आहे. पण या दोघांच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. त्याच्याकडे मर्सिडीज असते आणि म्हणूनच तो गरीब असतो. मी त्या वर्गातला. कोल्हापुरात या वर्गाचे सभासद किती आहेत मला ठाऊक नाही. पण राजारामपुरीत तरी मी एकटाच असावा. कारण वर्गणी फार आहे.

ही गाडी मी विकत घेतलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात मराठी शिकवून कुणी मर्सिडीज घेतल्याचं ऐकिवात नाही. गाडी माझ्या मामांची. मामा इंग्लंडात डॉक्टर होते. १९८७ साली ते कायमचे परत आले आणि येताना दोन गोष्टी बोटीने आणल्या : एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी ही १९८२ सालची मर्सिडीज २४० डी. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. गाडीचं दुखणं नेमकं उलटं आहे, पण ते पुढे येईल.

२००४ साली मामा गेले. त्यांचा मुलगा तिकडेच स्थायिक झालेला. त्याने फोनवर सांगितलं, "गाडी विकून टाका." मामी काही बोलल्या नाहीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुला चालवता येते ना? मग झालं." मला त्या वेळी स्कूटर चालवता येत होती. पण मामींना नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. अशा रीतीने एका प्राध्यापकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्ती बांधला गेला.

तुम्हाला वाटेल, मर्सिडीज म्हणजे वाऱ्यासारखी पळत असेल. चूक! ७२ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, त्यावर जवळजवळ दीड टन लोखंड, आणि गिअर आपोआप पडणारे. तेही त्यांना पटेल तेव्हा. पन्हाळ्याच्या चढावर आम्हाला एसटीचा लाल डबा मागे टाकून गेला आहे. त्यातल्या एका म्हाताऱ्याने खिडकीतून हात हलवून आम्हाला धीरही दिला होता. पण एकदा का ती चालू लागली की थांबायचं नाव नको. या कुळाचा लौकिकच तसा आहे. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने आमच्या गाडीची थोरली बहीण शोभेल अशी १९७६ सालची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयात नेऊन ठेवली. ही हकीकत मी घरी सांगितली तेव्हा ही म्हणाली, "बघा! त्यांनीसुद्धा त्याच वर्षी काढून टाकली."

आमची किती चालली, हे मात्र नक्की सांगता येत नाही. किलोमीटर मोजणारं चक्र ३,४२,६०८ या आकड्यावर येऊन थांबलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आतलं दाती चक्र दांड्यावर सैल होऊन नुसतंच फिरतं, असं निदान झालं. दुरुस्त करता आलं असतं. पण साठीनंतर मीही वय सांगायचं बंद केलं आहे. तिलाच का छळा?

आता दस्तगीर मिस्त्रींविषयी सांगायला हवं. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं विश्वकर्म्याचं घर. शेतीच्या ऑइल इंजिनापासून साखर कारखान्याच्या सुट्या भागांपर्यंत काय वाटेल ते तिथे ओतून, कातून, घासून मिळतं. त्या माणसांना फक्त जुना तुकडा दाखवायचा. जर्मनीहून एक बुश मागवायचा तर पैसे आधी जातात आणि बुश दोन महिन्यांनी येतो. उद्यमनगरात चहा संपायच्या आत टर्नर लेथवरून तो काढून देतो, वर विचारतो, "अजून दोन करून ठेवू काय? लागतील." आणि लागतातच! सीटमधली घोड्याच्या केसांची भर झडून मागे बसणाऱ्यांच्या विजारी करड्या होऊ लागल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याने तिथे काथ्या भरून दिला. तेव्हापासून आमच्या गाडीची पाठ जर्मन आणि बैठक कोकणी आहे.

मिस्त्रींची आणि मामांची दोस्ती जुनी. मामा गाडी घेऊन पहिल्यांदा गॅरेजात गेले तेव्हा मिस्त्री एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसले होते. मामा बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, आपला धंदा एकच." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला जुना स्टेथोस्कोप आणून मिस्त्रींच्या गळ्यात घातला. तेव्हापासून मिस्त्री आमची गाडी त्यानेच तपासतात. इतर गाड्यांना स्क्रू-ड्रायव्हर. "ह्यो फकस्त डागदरांच्या मर्सडीला," असा त्यांचा नियम.

टॅपेट जुळवताना तो सोहळा बघण्यासारखा असतो. या इंजिनात ते काम हातानेच करावं लागतं. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं. मग हवा आत घेणाऱ्या झडपेला ०.१० मिलीमीटर फट ठेवायची आणि धूर बाहेर टाकणारीला ०.३०. मिस्त्री दोन वाकडे पाने घेऊन, श्वास रोखून ती पातळ पट्टी फटीतून सरकवतात. "लोण्यातनं सुरी गेल्यागत जायाला पायजे, सायेब. फुकट गेली तर ढिली, अडली तर घट." मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवलं, दहाव्या हिश्श्याच्या मिलीमीटरचा इतका धाक मला कधी घालता आला नाही.

तर आता त्या दुखण्याकडे येतो. सर्व जगाच्या जुन्या गाड्या बंद पडतात. आमची बंद होत नाही.

म्हणजे असं की, या गाडीत किल्ली फिरवली की इंजिन विजेने थांबत नाही. इंजिनावरचा एक पंप हवा ओढून घेऊन पोकळी तयार करतो आणि ती पोकळी डिझेलचा पुरवठा तोडते. कल्पना चांगली आहे. पण त्याच पोकळीवर दारांची कुलपं चालतात, डिकीचं चालतं, डिझेलच्या टाकीच्या झाकणाचंही चालतं. सगळं एका बारीक नळीच्या जाळ्यावर. एकत्र कुटुंबच म्हणा ना! मागच्या डाव्या दारातली रबरी पिशवी फाटली की तिथून हवा शिरते, आणि पुढचं इंजिन हट्टाला पेटतं. घरातल्या धाकट्या सुनेचं बिनसावं आणि थोरल्या सासऱ्यांनी जेवण सोडावं, तसा प्रकार.

पहिल्यांदा हे झालं ते एका शोकाच्या घरी. आमच्या कॉलेजातले एक ज्येष्ठ सहकारी वारले होते. मी दारात गाडी उभी केली, किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. इंजिन चालूच. किल्ली पुन्हा लावली, फिरवली, काढली. चालूच! आत मंडळी स्तब्ध बसलेली आणि बाहेर आमचं डिझेल इंजिन मळणी काढल्यासारखं धडधडतंय. मी काही न झाल्यासारखा आत जाऊन बसलो. पाच मिनिटांनी कोपऱ्यातून कुणी तरी हळूच म्हणालं, "सरांना घाई दिसते." मला खाली बघण्यावाचून इलाज नव्हता. शेवटी मी उठलो तेव्हा खुद्द त्या माउलीने विचारलं, "चहासुद्धा न घेता?"

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी मला बॉनेटखाली, इंजिनावरच, एक लहानसा दांडा दाखवला. त्यावर चक्क 'स्टॉप' असं लिहिलेलं. "हितं दाबायचं. कंपनीला बी ठावं हुतं, सायेब, म्हातारपणी ऐकायची न्हाई म्हून." तेव्हापासून लग्नकार्याला गेलो की मी आधी बॉनेट उघडतो, मान आत घालतो, दाबतो, आणि मग रुमालाने हात पुसत अहेराचं पाकीट काढतो.

२०२२ साल उजाडलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची पाळी त्या वर्षी होती. आणि नेमकी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आयात केलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ४० हजार रुपये झाली. चाळीस हजार! ही काही बोलली नाही. तिने फक्त घरखर्चाची वही माझ्यासमोर उघडून ठेवली. वहीचा मजकूर सोपा होता. गाडीच्या कातीव पितळी बुशांचा खर्च आमच्या दातांच्या खर्चापेक्षा जास्त होता, आणि दात दोघांचे होते.

त्याच आठवड्यात एक भंगारवाला येऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेला. त्याने आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. खरं सांगतो, माझं मन डळमळलं. माझी पाठ गेलेली; मिस्त्रींचे गुडघे गेलेले; त्यांचा नातू हुशार, पण त्याने आमच्या गाडीत शिरून "स्कॅनर कुठं लावायचा?" म्हणून दहा मिनिटं भोक शोधलं होतं. मिस्त्रींनंतर या गाडीचं कोण ऐकणार? मी मामींकडे गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मामी खिडकीशी बसल्या होत्या. मी सगळा हिशेब सांगितला. भंगारवाल्याचा आकडाही सांगितला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दसरा कधी आहे रे?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कोल्हापूरच्या दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार थाटाने बाहेर निघते आणि सगळं गाव बघायला लोटतं. आमच्याकडे त्याच दिवशी मामी आपल्या हाताने मर्सिडीजला झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसून अंबाबाईला जातात. उजवी बाजू रिकामी ठेवतात. तिथे पर्स ठेवायचीसुद्धा सोय नाही.

मी घरी आलो आणि हिला सांगितलं, "मामी दसरा कधी आहे विचारत होत्या." हिने वही मिटली. "मग भरा चाळीस हजार," म्हणाली. "आणि दातांचं पुढच्या वर्षी बघू."

तपासणीच्या दिवशी मिस्त्री सोबत आले. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला. मग म्हणाले, "इंजिन बंद करा. नंबर बघायचाय." मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. इंजिन चालू! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी गुडघ्यावर हात ठेवत उठून बॉनेट उघडलं आणि नाडी बघावी तसा एक बोटाचा दाब दिला. शांतता पसरली. मी पुढे होऊन पोकळी, रबरी पिशवी, एकत्र कुटुंब वगैरे समजावू लागलो, तर साहेबांनी हात वर केला. "सर, इथं रोज चालू न होणाऱ्या गाड्या ढकलत आणतात. बंद होत नाही ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतोय. पण ते दार तेवढं दुरुस्त करून घ्या." आणि त्यांनी नंबर उतरवून घेतला. मुदत मिळाली २०२७ पर्यंत. मामींना सांगितलं, तर म्हणाल्या, "तिची झाली सोय. आता माझी कोण वाढवून देतंय ते बघा!" आणि स्वतःच हसल्या.

दार दुरुस्त करायला गेलो त्या दिवशी मिस्त्रींनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं पुसायला देताहेत. ते म्हणाले, "तुमीच ऐका सायेब. मला आता न्हाई ऐकू येत." किती दिवसांपासून, असं मी विचारलं. "दोन वरसं झाली." म्हणजे दोन वर्षं ते नुसताच कानाला लावत होते! मग टॅपेट कशी जुळवली? त्यांनी उजवा तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटले. "हितनं कळतंय की. पर तुमी ऐकायला शिका. पोरालाबी शिकवा. मी हाय तवर."

तेव्हापासून दर रविवारी मी आणि तो नातू आळीपाळीने कान लावतो आणि मिस्त्री हात ठेवून आमची परीक्षा घेतात. तिसऱ्या सिलिंडरचा ठोका मला आता ओळखता येतो. नातवाला तो माझ्या आधी ओळखता येऊ लागला. तो स्कॅनर मागत नाही.

२०२५ च्या ऑगस्टात पेपरात बातमी आली की २० वर्षांवरच्या आयात मोटारीची ही फी दुप्पट होऊन ८० हजार झाली. मी तो पेपर हिच्या नजरेस पडू नये म्हणून बगलेत मारला आणि तडक उद्यमनगर गाठलं. मिस्त्रींच्या कानाशी ओरडून सांगितलं, "दुप्पट केली हो, दुप्पट!"

मिस्त्रींना 'दुप्पट' एवढंच ऐकू आलं असावं. त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "चालंल की, सायेब. आरामात चालंल."