वय झालंय!

आमच्या घरात मध्यंतरी कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर मिळू लागले होते. भिंतीवरचे घड्याळ मागे पडते? वय झालंय. दाराची कडी अडकते? वय झालंय. जिना चढताना आईला दम लागतो? वय झालंय. मोठे सोयीचे उत्तर! ते दिले की पुढे काही करावे लागत नाही.

म्हणूनच आमच्या गाडीत समोरच्या तबकड्यांमध्ये एके दिवशी पिवळा दिवा लागला, तेव्हा मी मुळीच दचकलो नाही. गाडी वडिलांची. त्यांनी ती २०१३ साली मोठ्या हौसेने घेतली आणि २०२१ साली ती आमच्या हवाली करून ते गेले. दिव्यावर इंजिनाचे चिमुकले चित्र होते. माझे मेहुणे यंत्रविद्येत स्वयंघोषित तज्ज्ञ आहेत. ते म्हणाले, "भावोजी, बॅटरीची तार काढा आणि दहा मिनिटांनी परत लावा. दिवा गेलाच म्हणून समजा."

दिवा खरोखरच गेला. आठवड्याने परत आला. मी पुन्हा तार काढली. हा लपंडाव दोन महिने चालला. मध्ये एका गॅरेजवाल्याने गाडीकडे नुसते पाहून तेल आणि हवेची जाळी बदलली, पैसे घेतले आणि जाताना सल्ला दिला, "आता काढून टाका, साहेब. वय झालंय गाडीचं."

गेल्या मार्गशीर्षात आईने जेजुरीचा हट्ट धरला. आम्ही तिघे निघालो. दिवे घाटाचा चढ लागला आणि गाडी थरथरू लागली. पाय दाबला तरी जोर येईना. समोर पाहतो तो, रोज मुकाट्याने जळणारा तो पिवळा दिवा आता उघडझाप करीत होता!

"अहो, थांबवा!" ही म्हणाली.

"एवढा घाट चढू दे," मी म्हणालो. पण मागून आईचा आवाज आला, "अरे, ती डोळे मिचकावून सांगते आहे ना काहीतरी? थांब की!" मी गाडी कडेला घेतली. खाली मस्तानी तलाव शांतपणे पसरला होता. आमच्या फजितीशी त्याला काही कर्तव्य नव्हते.

ओळखीच्या एकाने सासवडहून मिस्त्री पाठवला. पंचविशीचा पोरगा, फटफटीवर आला. त्याने इंजिनाचे झाकण उघडले नाही. आधी मला विचारले, "सर, दिवा नुसता जळत होता की लुकलुकत होता?"

"त्यात फरक काय?"

"फार फरक आहे. नुसता जळत असेल तर सवडीनं दाखवा. लुकलुकला तर लगेच थांबा."

आणि मग त्याने मला जो पाठ दिला, तसा पाठ मी वर्गात क्वचितच देत असेन. इंजिनात चार नळकांडी. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा शिरते, ठिणगी पडते, भडका उडतो आणि दांडा फिरतो. एखाद्या नळकांड्यात ठिणगी पडली नाही, तर दांड्याची गती तेवढ्यापुरती अडखळते. गाडीतला संगणक हे अडखळणे मोजत असतो. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतून पुढे जाते. तिथे धूर शुद्ध करणारे एक भांडे असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मोलाच्या धातूंचा लेप असतो. ते कच्चे पेट्रोल तिथे जाऊन पेटते आणि जाळी वितळू लागते. दिव्याची उघडझाप म्हणजे ती हाक.

"अजून दहा-वीस किलोमीटर रेटली असतीत," तो म्हणाला, "तर गाडी खरंच काढून टाकावी लागली असती. त्या भांड्याचा खर्च ऐकूनच तुम्ही नको म्हणाला असता."

त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक लहानसे यंत्र खुपसले. पडद्यावर अक्षरे उमटली : पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या नळकांड्यात ठिणगी चुकते आहे. मी हर्षाने म्हणालो, "सापडलं तर!"

"नाही सर. कुठं दुखतंय ते कळलं. का दुखतंय ते अजून कळायचंय."

प्रत्येक नळकांड्याच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी एक कॉइल असते. इंजिन जरा निवल्यावर त्याने दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवली आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही. जुनी नोंद पुसून इंजिन थोडा वेळ चालवले. आता पडद्यावर आले : पी ०३०३. दुखणे कॉइलबरोबर चालत गेले होते! ते जागचे हलले नसते, तर प्लग, पेट्रोलची पिचकारी, नळकांड्यातला दाब असे एकेक तपासावे लागले असते.

"पण कॉइल गेली का?" तो स्वतःशीच म्हणाला. "प्लग कधी बदलले होते?"

मी हिच्याकडे पाहिले, हिने माझ्याकडे. आई म्हणाली, "ह्यांच्या वहीत असेल."

डाव्या खणात, विम्याच्या कागदांखाली, वडिलांची निळी वही होती. चार वर्षे मी ती उघडली नव्हती. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'चारी प्लग नवे. ४१,३०० कि.मी.' आता आकडा ९६,००० च्या पुढे गेला होता. मिस्त्रीने जुना प्लग काढून दाखवला. त्याचे टोक झिजून फट रुंदावली होती. ती फट ओलांडायला कॉइलला रोज जास्त जोर लावावा लागत होता. शेवटी तिने हात टेकले.

"गाडी म्हातारी नाही सर," तो म्हणाला. "तिच्याकडं कुणी बघितलं नाही, एवढंच."

सासवडहून त्याने एक कॉइल आणि चार प्लग आणले. तासाभरात गाडी घाट चढून गेली. दिवा विझला होता, आणि यावेळी कुणी तार काढली नव्हती.

जेजुरीला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. गडाच्या पायऱ्या चढताना आई तिसऱ्यांदा बसली. ओठ फिके दिसत होते. "वय झालंय रे," ती हसून म्हणाली. एरवी मी मान डोलावली असती. त्या दिवशी डोलावली नाही. आम्ही तिथूनच भंडारा उधळला, हात जोडले आणि खाली उतरलो.

त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेले. हिमोग्लोबिन ८.१. मला वाटले, आता लोहाच्या गोळ्या देतील आणि झाले. पण डॉक्टरही त्या मिस्त्रीच्याच पंथातले निघाले. "कमी झालं ते कळलं, का झालं?" त्यांनी विचारले. आईने संकोचत सांगितले की, गुडघ्यासाठी ती दुकानातून आणून रोज दुखण्याची गोळी घेत होती. वर्ष होऊन गेले. दुर्बिणीने तपासले तेव्हा दिसले, गोळ्यांनी पोटात व्रण झाला होता आणि त्यातून थेंबथेंब रक्त जात होते.

वर्षभर एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत फिकट होत गेले, आणि आम्ही घरोघरी चालणाऱ्या त्या दोन शब्दांनी दिवा विझवीत राहिलो.

गोळ्या थांबल्या, उपचार झाले. गुढीपाडव्याला आई मध्ये न थांबता जिना चढून वर आली आणि दम न लागता मला रागावली. मी ती निळी वही पुढे चालू केली आहे. एका पानावर कॉइल आणि प्लग यांची तारीख आहे. समोरच्या पानावर आईच्या आग्रहाखातर तिचे आकडे लिहिले आहेत : ८.१, १०.४, १२.२.

"किलोमीटरही लिही," ती म्हणाली. "शहात्तर!"