मानपाडा ते तलावपाळी, व्हाया आजीची सही

मानपाडे दोन आहेत. एक आमचा, ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा. दुसरा डोंबिवलीतला, कल्याण-शीळ रोडला लागतो तो. माझं पार्सल वर्षातून एकदा तरी डोंबिवली फिरून येतं आणि वर कुरियरवाला मलाच झापतो, ‘मॅडम, कुठला मानपाडा ते नीट लिहीत जा ना!’

तर मी ठाण्याच्या मानपाड्याची. सतराव्या मजल्यावर राहते. एका खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, दुसरीतून समोरच्या टॉवरमधले टीव्ही. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच काकाचा फोन आला. ‘नौपाड्याला ये. बिल्डरचा माणूस येतोय. आजीची सही करायचीय.’

नौपाड्यातली चाळ म्हणजे आमचं मूळ घर. दोन मजले, लाकडी जिना, पुढे लांबच लांब गॅलरी. मी सहा वर्षांची असताना आई-बाबा मानपाड्याला शिफ्ट झाले. आजी हलली नाही. ‘तुमच्याकडे रस्त्यावर माणसं कुठेत?’ हे तिचं कारण. आता चाळ पाडून तिथे टॉवर होणार, त्यासाठी सगळ्या भाडेकरूंची संमती हवी होती.

खरं सांगायचं तर मी निघाले ती चाळ वाचवायलाच. मास कॉमला असताना मी याच चाळीवर फोटो फीचर केलं होतं. ब्लॅक अँड व्हाइट! गॅलरीत वाळणारी लुगडी, जिन्यातलं मांजर, भिंतीचे उडालेले पोपडे वगैरे. ए ग्रेड मिळाली होती. इतक्या सुंदर वास्तूवर बुलडोझर? माझ्या डोक्यात भाषण तयार होतं.

घोडबंदर टू तलावपाळी

मानपाड्याहून ठाणे स्टेशन सहा-सात किलोमीटर. वेळ मात्र विचारू नका. रस्त्याच्या मधोमध मेट्रो चारचे खांब. वडाळा-कासारवडवली मार्गावर मानपाड्याला स्वतःचं स्टेशन आहे, आणि याच मार्गाच्या आमच्या टोकाला, गायमुखच्या बाजूला, २०२५ च्या सप्टेंबरात पहिली चाचणी गाडी धावली. मागे टिकुजिनी वाडीकडून बोरिवलीला जाणारा जुळा बोगदा. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. एकूण ११.८४ किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा थेट नॅशनल पार्कच्या पोटातून.

आमच्याकडे जुनं-नवं असा वाद झालाच नाही. कारण पाडायला वाडे नव्हते. शेतं होती, पाडे होते, मागे जंगल होतं. भाताच्या खाचराला कुणी हेरिटेज म्हणत नाही ना! नावात तेवढा ‘पाडा’ उरला. जंगलाला मात्र ही बातमी अजून पोहोचलेली नसावी. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये शिरला होता. सीसीटीव्हीत बिचारा अगदी एक्झिट शोधणाऱ्या ग्राहकासारखा दिसत होता.

कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, नितीन कंपनी. बसमधून नाक्यांची नावं ऐकली तरी ठाणं वाचता येतं. बावडीच्या नावाचा नाका, गावाच्या नावाचा नाका, मग कारखान्यांच्या नावाचे नाके. १९२५ पासूनची रेमंडची मिल २००९ मध्ये बंद झाली आणि दहा वर्षांनी त्या जमिनीवर फ्लॅटचं बुकिंग सुरू झालं. आधी शेतातून कारखाना, मग कारखान्यातून टू बीएचके. ठाण्याचा अर्धा इतिहास इथेच संपतो!

उरलेला अर्धा तलावपाळीला. मीटिंगला वेळ होता म्हणून मी आधी मासुंद्याला एक चक्कर मारली. एका बाजूला कौपिनेश्वर. आत्ताच्या देवळाची उभारणी १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केली. काठावर गडकरी रंगायतन, १९७८ चं. जवळच पोर्तुगीजांच्या काळापासूनचं चर्च, थोडं पुढे टेंभीनाक्याच्या बाजूला १८७९ चं सिनेगॉग. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय स्टेशनच्या वाटेवर, आणि ज्या स्टेशनात १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून येऊन थांबली, ते तिथून चालत. मामलेदारची मिसळही चालत!

सेंट्रल जेल म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली गेली. त्या भिंतीलगत आज रिक्षांची रांग असते. मला हेच आवडतं. इथे इतिहासाला तिकीट नाही, तो रस्त्यातच भेटतो.

माझं भाषण आता एकदम पक्कं झालं होतं.

‘पावसाळ्यात राहायला ये!’

गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डरचा माणूस माझ्याच वयाचा, लॅपटॉप उघडून बसलेला. प्रत्येक भाडेकरूला आत्ताच्या खोल्यांपेक्षा मोठा वन बीएचके, मालकी हक्काने. लिफ्ट. बांधकाम होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचं भाडं. मी हात वर केला आणि सुरू झाले. वास्तू, वारसा, गॅलरी संस्कृती, सगळं काढलं.

आजी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘झालं? आता पावसाळ्यात राहायला ये. चार रात्री. कॉमन संडासला जाताना जिन्याची तिसरी पायरी चुकवून उतर हो, ती हलते. तुझ्या फोटोत ती दिसली नाही.’

सगळे हसले. मीही हसले, पण कान लाल झाले होते. आजी एक्याऐंशी वर्षांची आहे. रात्री खाली उतरायला लागू नये म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिची नात, शहरावर लिहून पैसे कमावणारी, आणि मला हे माहीत नव्हतं.

मग काका बोलला. ‘कृष्णा निवास आठवतेय का?’ नौपाड्यात आठवणार नाही कसं? ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे बी केबिनजवळची ती इमारत कोसळली आणि दहाहून जास्त माणसं झोपेतच गेली. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीची मातृकृपा पडली होती, तिथे नऊ जण गेले. त्या पावसाळ्यात बाबा रोज रात्री आजीला फोन करायचे. ती फोन उचलेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.

माझ्या भाषणाला यावर उत्तर नव्हतं.

मात्र एक गोष्ट लक्षात आली. नकाशात तळमजला दाखवला तेव्हा तिथे फक्त पार्किंग होतं. त्यावर आणखी तीन मजले पार्किंग. रस्त्याच्या बाजूला दोन मोठे शोरूमचे गाळे. आज त्याच जागी पिठाची गिरणी, एक शिंपी आणि एक रद्दीवाला आहे. गिरणीवाले काका मागे उभे होते. ते म्हणाले, ‘मला पैसे देतायत, चांगले देतायत. पण त्या पैशात नौपाड्यात गाळा येत नाही. गिरणी कुठे लावू?’ लॅपटॉपवाला म्हणाला, ‘सर, ते आपण नंतर डिस्कस करू.’

आजीने त्या दिवशी सही केली नाही. विचार करून सांगते म्हणाली.

दुसऱ्या मानपाड्यात

पुढच्या शनिवारी मी डोंबिवलीला गेले. मानपाडा रोडवर माझी कॉलेजची मैत्रीण राहते. तिची बिल्डिंग अशीच पाडून नवी झाली, तिला आता तीन वर्षं झाली. स्टेशनहून निघालं की हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसती दुकानं. भाजी, भांडी, साड्या, मोबाइलचे कव्हर, वडापाव, परत साड्या. चालायला जागा नाही, पण चालायचा कंटाळाही येत नाही.

मैत्रिणीचं नवं घर मस्त आहे. तिच्या बाबांचे गुडघे गेलेत, ते लिफ्टने रोज खाली उतरतात. आधी महिनोन् महिने तिसऱ्या मजल्यावर अडकून पडायचे. ‘तुझं हेरिटेज गेलं तेल लावत, बाबा बागेत जातायत!’ ती म्हणाली. बरोबरच आहे.

पण तिची आईही काहीतरी म्हणाली. जुन्या बिल्डिंगखाली वाण्याचं दुकान होतं, त्याच्या पुढे ओटा. दुपारी बायका तिथे बसायच्या, पोरं शाळेतून तिथे उतरायची, किल्ली वाण्याकडे ठेवायची. आता खाली गेट आहे, वॉचमन आहे, रजिस्टर आहे. ‘घर छान झालं गं,’ त्या म्हणाल्या, ‘पण खाली उतरून करायचं काय?’

आमच्या मानपाड्याला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे खाली कधी काही नव्हतंच. आम्ही लिफ्टने थेट गाडीत आणि गाडीतून थेट मॉलमध्ये. नाटक बघायला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ आहे, हे खरं. पण दिवाळीच्या पहाटे नटूनथटून भेटायला अजूनही राम मारुती रोड आणि तलावपाळीच लागते. डोंबिवलीचा नवा भागही त्या दिवशी फडके रोडलाच लोटतो. म्हणजे आपण राहायला नव्या शहरात जातो आणि जगायला जुन्या शहरात येतो. मग ते जुनं शहर मानपाड्यासारखंच बांधून काढलं, तर रविवारी जायचं कुठे?

वरचे मजले त्यांचे

येताना मी रस्त्याने आले, शीळफाट्यावरून. ४ एप्रिल २०१३ ला इथलीच लकी कंपाउंडची इमारत पडून ७४ माणसं गेली. ती जुनी नव्हती. बांधकाम चालू असतानाच पडली होती. जुनं म्हणजे धोकादायक आणि नवं म्हणजे सेफ, इतकं सोपं हे प्रकरण नाही.

हेरिटेजच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे कायदा आहे. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज इमारतींसाठी वेगळे नियम आहेत. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीमुळे ठाण्यासारख्या शहरांनाही तशी सोय आहे. इमारत यादीत असेल तर मालकाला त्याचा न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून दुसरीकडे विकता येतो, म्हणजे वास्तूही राहते आणि मालकाचंही भागतं. गडकरी रंगायतनचं उदाहरण समोरच आहे. ते पाडून मॉल बांधला नाही, दुरुस्त केलं आणि २०२५ साली पुन्हा उघडलं. रविवारी तिथे पुन्हा गर्दी दिसते.

पण आजीची चाळ कुठल्याही यादीत नाही आणि कधी येणारही नाही. ती सुंदर नाही, कुणा थोर माणसाचा जन्म तिथे झालेला नाही. अशाच हजार चाळींचं मिळून जुनं ठाणं झालंय. त्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या फोटो फीचरमध्ये नाही.

मला आता असं वाटतं, की खोल्यांचा निर्णय त्यात राहणाऱ्यांचाच. हलत्या पायरीवरून जो रोज उतरतो, त्याला ‘जपा हो!’ असं सतराव्या मजल्यावरून सांगण्याचा मला काहीही अधिकार नाही. पण तळमजला एकट्या बिल्डरचा नाही आणि एकट्या रहिवाशांचाही नाही. तो रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. गिरणी, शिंपी, ओटा, सावलीत उभं राहण्यापुरती पागोळी, एवढं राहिलं तर वर पंचवीस मजले चढले तरी नौपाडा नौपाडाच राहील. हे गेलं, तर चाळीचा दर्शनी भाग काच लावून जपला तरी तिथे उरेल तो फक्त सेल्फी पॉइंट.

पुढच्या मीटिंगला मी भाषण केलं नाही, वही नेली. गिरणीवाले काका, शिंपी आणि रद्दीवाला यांना रस्त्याच्या बाजूलाच लहान गाळे मिळावेत आणि पार्किंगचं गेट मागच्या गल्लीतून काढावं, असं एक पत्र आम्ही तयार केलं. चाळीतल्या बावीसपैकी एकोणीस बिऱ्हाडांनी खाली नावं लिहिली. तिघं म्हणाले, उगाच लांबवू नका, डील फिसकटेल. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

मग आजीने संमतीपत्र पुढे ओढलं. सही करण्याआधी तिने लॅपटॉपवाल्याला विचारलं, ‘बाळा, दळण कुठे टाकायचं मी?’ त्याने नकाशा मागेपुढे केला. मग म्हणाला, ‘आजी, बघतो.’

‘बघतो नको, लिही,’ आजी म्हणाली.

त्याने साहेबांना फोन लावला, दहा मिनिटं गॅलरीत फेऱ्या मारल्या आणि शेवटी आमच्या पत्रावर ‘मिळाले’ असं लिहून तारीख टाकली. तेवढंच. त्याला कायद्यात किती किंमत आहे, हे करारनामा हातात येईल तेव्हा कळेल. आजीने सही केली. जिना उतरताना मी तिसरी पायरी चुकवली.

तुमच्याही आजीची, मावशीची, कुणाची तरी इमारत सध्या अशाच एखाद्या कागदावर असेल. कार्पेट एरिया बघून झाला, की पान उलटा आणि तळमजल्याचा नकाशा मागा. बहुतेक वेळा तो कुणी मागतच नाही.