कठड्यापाशी
जॉइसची ‘एव्हलिन’ आज पुन्हा वाचली. जेमतेम चार-पाच पानांची गोष्ट. डब्लिनच्या धक्क्याला बोट लागलीय, तिला सोबत न्यायला आलेला प्रियकर फ्रँक हाका मारतोय आणि एकोणीस वर्षांची ही पोर लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. घरी हात उगारणारा बाप, मनात मरत्या आईला दिलेला शब्द. ती जात नाही.

ही गोष्ट ज्यात आहे तो ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह १९१४चा. त्यानंतर शतकभराने, २०२१मध्ये, क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ आली. १९८५चा नाताळ, न्यू रॉस गाव. कोळसा पोचवायला मठात गेलेल्या बिल फर्लाँगला कोळशाच्या कोठीत कोंडलेली मुलगी सापडते. गावाला सगळं ठाऊक असतं, पण बोलत कुणीच नाही. बायकोही म्हणते, आपण कशाला मध्ये पडायचं? त्याच्या मुलींची शाळाही त्याच मठातल्या नन्सच्या हातात. तरी तो त्या मुलीला बाहेर काढतो.

मुलींना कोंडून राबवणारे असे मठांचे मॅग्डालेन धोबीखाने आयर्लंडमध्ये खरोखर होते. शेवटचा १९९६मध्ये बंद झाला आणि सरकारने माफी मागितली २०१३मध्ये.

फर्लाँग धीट आणि एव्हलिन भित्री, असा निकाल द्यायला मन धजत नाही. तो स्वतः लग्नाशिवाय जन्मलेला, पण त्याच्या आईला मालकिणीने घरातून काढलं नाही. पुढे त्याचा धंदा झाला, गावात पत आली. एव्हलिनच्या पाठीशी कोण होतं? आणि त्या फ्रँकचा तरी काय भरवसा!