चांदूर रेल्वे ते लक्षद्वीप : दृष्टिबाधित प्रवाशाची दैनंदिनी

पहिला दिवस : चांदूर रेल्वे

नागपूर–भुसावळ लोहमार्गावरील हे स्थानक सोडताना समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी दृष्टिबाधित प्रवाशाच्या सागरी सफरीची पहिली कसोटी येथील फलाटावरच लागते. कारण गाडी थोडाच वेळ थांबते आणि आपला डबा नेमका कोठे लागेल हे आधी विचारून ठेवावे लागते. पूर्ण दृष्टिहीन प्रवाशाला व त्याच्या एका सोबत्याला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत आहे, आणि अनेक डब्यांत बर्थचा क्रमांक ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावदार टिंबांत, लिहिलेला असतो. वऱ्हाडाला असा प्रवासी अपरिचित नाही. चांदूर रेल्वेच्याच जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बालपणीच दृष्टी गमावूनही आळंदीपर्यंत गेले होते.

दुसरा दिवस : मुंबई, जहाजावर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअरचा धक्का जवळच आहे. येथून २०२१ पासून गोवा व लक्षद्वीपकडे सफरी करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने प्रथम प्रवासी सेवेत आले. त्याला अकरा डेक, म्हणजे मजले आहेत. तेव्हा नवख्या डोळस माणसाचीही तेथे वाट चुकते.

तरीही पर्यटनाच्या सर्व प्रकारांत जहाज हे दृष्टिबाधितांना सर्वांत सोयीचे आहे, हे ठामपणे म्हणता येते. बसच्या सहलीत रोज नवी खोली, नवे न्हाणीघर आणि नवा जिना शिकावा लागतो. जहाजावर मात्र केबिन, म्हणजे निजायची खोली, एकच राहते आणि एकदा पायाखाली आलेली वाट परतीपर्यंत बदलत नाही. मात्र ती वाट पहिल्याच दिवशी कोणीतरी शिकवावी लागते. केबिनपासून लिफ्टपर्यंत दारे किती, जिना कोणत्या हाताला आणि न्हाणीघराचा उंबरठा किती उंच, हे कर्मचाऱ्याने प्रवाशाला सोबत चालवून सांगायचे असते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून असे उंबरठे मुद्दाम उंच ठेवलेले असतात, आणि पांढरी काठी खोलीतच राहिली तर ठेच ठरलेली. लांबलचक मार्गिकेत भिंतीलगतचा कठडा हाताशी असतो; जहाज डोलू लागले की त्याचा आधार सगळ्यांनाच लागतो.

निघण्यापूर्वी मस्टर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेची तालीम, होते. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यानंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात आखूड व एक लांब भोंगा हा इशारा कानांसाठीच असल्याने येथे दृष्टिबाधित प्रवासी मागे पडत नाही. परंतु जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे हे केवळ हातवारे करून दाखवले जाते, तेव्हा त्याला ते प्रत्यक्ष हाताळू देण्याचा आग्रह सोबत्याने धरलाच पाहिजे.

तिसरा दिवस : भर समुद्रात

जेवणाची पंगत येथे बुफे, म्हणजे आपल्या हाताने वाढून घेण्याची, असते आणि खरी अडचण तिथेच येते. मराठी ताटात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे आणि वरणभात समोर, अशी जागा ठरलेली असल्याने घरी दृष्टिहीन माणसाला काही विचारावे लागत नाही. बुफेत हा क्रम मोडतो आणि उकळत्या रश्श्याचे भांडे कोठे आहे तेही कळत नाही. वाढप्याने ताट वाढून देताना पदार्थांच्या जागा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे सांगितल्या, तर काम भागते.

चौथा दिवस : लक्षद्वीप

प्रवाळाच्या उथळ कडेमुळे मोठे जहाज बेटाला लागत नाही; प्रवासी लहान होडीतून किनाऱ्यावर जातात, आणि हलत्या होडीत पाऊल टाकण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. प्रवाशाचा दंड ओढण्याऐवजी कर्मचाऱ्याने आपला दंड त्याला धरू द्यावा.

पाचवा दिवस : परतीचा समुद्र

कायद्याची स्थिती येथे सांगणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये बस थांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांची नावे आहेत, पण बंदराचे नाव नाही. जहाज ‘सर्व वाहतूक साधने’ या व्यापक शब्दांत बसवावे लागते. युरोपात २०१२ पासून लागू असलेल्या नियमानुसार, कामकाजाचे दोन दिवस आधी कळवले तर बंदरात व जहाजावर विनामूल्य साहाय्य देणे बंधनकारक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये, परदेशी निशाणाखालच्या पर्यटन जहाजांना तेथील सागरी हद्दीत अपंगत्वविषयक कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. भारतीय बंदरांसाठी इतका स्पष्ट नियम हवा. तोपर्यंत आरक्षण करणाऱ्या कुटुंबाने ब्रेल क्रमांक, बोलणारी लिफ्ट, पहिल्या दिवशीची ओळख-फेरी आणि होडीतील मदत या चार गोष्टी पैसे भरण्यापूर्वी विचाराव्यात आणि उत्तर लेखीच घ्यावे.