मांड

माझ्या एका कादंबरीच्या सातव्या प्रकरणात घोडा आहे. १६३३ साली महाबतखानाने दौलताबादेला वेढा घातला, त्या धामधुमीत एक बारगीर रात्री निसटतो. खोगीर चढवायला सवड नसते. तो उघड्या पाठीवर झेप घेतो, घोड्याच्या पोटाला दोन्ही पाय घट्ट आवळतो, आणि घोडा स्वाराच्या मनातले ओळखून मांजराच्या पावलांनी वेढ्याबाहेर पडतो. हे लिहून झाले तेव्हा मी स्वतःवर इतकी खूष झाले की त्या आनंदात दोनदा चहा घेतला.

पुढे एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ माझी वाट पाहत उभे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा. नातीने ते प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते.

“बाई, पाय आवळले म्हणता, अन् घोडा हळू चालला म्हणता. असं कसं? तुम्ही बसलात कधी घोड्यावर?”

माथेरानला एकदा, लगाम दुसऱ्याच्या हाती असताना, मी घोड्यावर बसून फोटो काढवला होता. तेवढे भांडवल मी बोलून दाखवले नाही.

“या एकदा,” ते म्हणाले, “दाखवतो.”

मलिक अंबरने १६१० साली जिथे खडकी वसवली, मराठी बारगिरांच्या चपळ घोडदळाने मोगलांना जेरीस आणले, त्याच आमच्या छत्रपती संभाजीनगरात आज घोडा पाहायचा तर लग्नसराईची वाट पाहावी लागते. चाचांचे (सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणू लागले) घर बेगमपुऱ्यात, पाणचक्कीपासून जवळच. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. रिक्षांनी टांगे खाल्ले. मग चाचांनी वरातीसाठी एक पांढरी घोडी पाळली. नाव बिजली. स्वभावाने मात्र ती रात्रीच्या मालगाडीसारखी संथ होती, असे ते म्हणत. होती, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत. एका वरातीत कोणीतरी तिच्या पायाशीच फटाक्यांची माळ पेटवली. नवरदेव वाचला, पण तेव्हापासून बँडचा नुसता ढोल वाजला तरी तिचे अंग थरथरू लागे. या वर्षी तिने एकही वरात केली नाही. दाणा-वैरणीचा खर्च काही थांबत नाही. “मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला न्यावी लागेल,” चाचा हळूच म्हणाले. खंडोबाच्या त्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. “पोरीला सांगू नका.”

मी गेले ती सरळ तिच्या तोंडासमोर, कपाळावरून हात फिरवायला. तिने मान अशी झटकली की माझा चष्मा गोठ्यात पडला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात. जवळजवळ भोवतालचे सारे त्याला दिसते, पण नेमके कपाळापुढचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणजे मी प्रेमाने पुढे केलेला हात तिच्या दृष्टीने अंधारातून आलेला होता. बाजूने, डाव्या खांद्याशी, बोलत बोलत यायचे, हा पहिला धडा. पुढचे पंधरा दिवस मी फक्त खरारा केला, दाणा दिला आणि तिच्याबरोबर चालले. एकदा तिच्या पाठीवर माशी बसली, तर तेवढीच कातडी थरारली, बाकी सारे अंग निश्चल. ज्या कातडीला माशीचे पाय कळतात तिला माझे गुडघे काय सांगतील, हा विचार तेव्हाच मनात यायला हवा होता. आला नाही.

लेण्यांच्या डोंगराखालच्या माळावर चाचांनी मला एका खडकावरून तिच्या पाठीवर बसवले. ना खोगीर, ना रिकीब. सलवारीखाली तिचे ऊबदार अंग, फासळ्यांची उघडझाप. पाच पावले ठीक गेली. सहाव्या पावलाला माझा तोल हलला आणि मी पाय आवळले. ती दुडकी धावू लागली. मी आणखी आवळले. ती आणखी धावली. घाबरलेल्या माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ “थांब” असतो. घोड्याच्या भाषेत “पळ”. दोघीही अगदी इमानदारीने एकमेकींचे ऐकत नव्हतो. शेवटी मी गोखरूंत पडले. सातवे प्रकरण तिथेच, माझ्या कोपरावर, रद्द झाले.

घरी काटे काढताना यजमानांनी विचारले, “गंगेत घोडं न्हालं का?” मी उत्तर दिले नाही.

चाचा या बसण्याला “मांड” म्हणत, आणि मांड पक्की म्हणजे घट्ट नव्हे, हे त्यांनी मला तऱ्हेतऱ्हेने सांगितले. खांद्यामागच्या खोलगट जागी बसा, पाय भिजलेल्या कपड्यासारखे लोंबू द्या, भीती वाटली तर श्वास सोडा. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनापतीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्याच्या काळी रिकीब नव्हतीच. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, असे तो बजावतो. रागाबद्दल मला अडचण नव्हती. वीस वर्षे वर्गात राग गिळण्याचा सराव आहे. भीती गिळण्याचा नव्हता. आणि गिळलेली भीतीसुद्धा मांड्यांतून खाली उतरते.

वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही माळावरून परतत होतो. मी बिजलीवर, चाचा शेजारून. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी सुतळी बाँब लावला.

आवाजाआधी तिचे कान फिरलेले मला दिसले. मग माझ्याखालची पाठ फळीसारखी झाली. माझ्या अंगातले सारे स्नायू आवळायला निघाले होते. मी पाय सोडले. प्रेमाने म्हणाल तर नाही, गोखरूंच्या आठवणीने. श्वास सोडला, आयाळीत बोटे नुसती ठेवली. ती चार पावले आडवी सरकली, थरथरली, उभी राहिली. दुसरा बाँब. पुन्हा तीच थरथर, आणि पुन्हा उभी. माझ्या पोटऱ्यांना तिचे काळीज लागत होते. बऱ्याच वेळाने तिने नाकातून लांब फुरफुर केली आणि फळीची पाठ झाली.

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्या मानेवरचा घाम पुसला आणि मग विडी पेटवली, ती तिसऱ्या काडीला पेटली.

मी सातवे प्रकरण पुन्हा लिहिले. भाऊबीजेनंतर ते घेऊन बेगमपुऱ्यात गेले. नातीने ओसरीवर बसून वाचले. आता बारगीर पाय सैल सोडतो, घोडा दोनदा बिचकतो, एकदा तर चुकीच्या बाजूलाही जातो. चाचा डोळे मिटून ऐकत होते. बिजली पलीकडे कडबा खात होती.

“अब बराबर,” ते म्हणाले. मग जरा थांबून: “बारगीर, म्हणजे घोडा त्याचा नाही. सरकारी.”

“हो.”

“मग तो सुटला, तर घोड्याचं पुढं काय झालं?”

मी आठवे प्रकरण चाळले, नववे चाळले. बारगीर होता, त्याची आई होती, लग्न होते. घोडा कोठेच नव्हता. नात माझ्याकडे पाहत होती. मार्गशीर्षाला अजून काही दिवस होते.