पुलावरचं निर्माल्य

२०२५च्या सप्टेंबरात पाणजू बेटावरचा एक तरुण नायगाव आणि भाईंदरमधल्या रेल्वेपुलावरून पायी चालला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्याची पिशवी खाडीत भिरकावली. तिच्यातला नारळ त्याच्या डोक्याला लागला आणि तो जीवाला मुकला. बातमी वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे आजोबांची डावी भुवई आली. तिच्या मधोमध एक तिरपी खूण होती, तिथे केस उगवत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "लागलं होतं पुलावर." त्यापुढे एक शब्द नाही.

आजोबा पश्चिम रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत लाल आणि हिरवा झेंडा, पिशवीत धोक्याचे पटाखे. रोज ठरलेली बीट पायी चालायची, रुळाची चावी ढिली झालेली दिसली की ठोकून बसवायची. हातोड्याच्या आवाजावरून त्यांना कळे, कुठली घट्ट आहे आणि कुठली फसवी. पुलावर गाडी आली की बाजूच्या छोट्या मंचावर सरकून उभं राहायचं. गाडीला पाठ द्यायची नाही. दारातून काय येईल याचा नेम नसतो, एवढं ते मला शिकवून गेले.

एक प्रसंग मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. जीवदानीचं दर्शन घेऊन आम्ही विरारहून परतत होतो. नायगाव सुटलं तसा दारातला एक मुलगा पिशवी कपाळाला लावून हात उचलणार, तोच आजोबांनी तिच्याखाली ओंजळ धरली. "बाळा, माझ्याकडे दे. खाली माणसं चालतात."

"आजोबा, पाण्यातच जाणार आहे."

"पाण्यातच गेली असती तर मी कशाला मागितली असती?"

मुलाने दिली. भाईंदर येईपर्यंत ती ओली पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचं पाणी ओघळत होतं, आणि डब्यातले लोक आपण काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत होते.

घरी, जेसल पार्कच्या आमच्या गॅलरीत, त्यांनी पाट घेतला आणि गाठ सोडायला बसले. आजीने कात्री पुढे केली तर म्हणाले, "देवाच्या नावाने मारलेली गाठ कापायची नाही." बराच वेळ नखाने उकलत राहिले. आत झेंडूची माळ, दूर्वा, दोन सुपाऱ्या, अर्धी जळलेली वात, एक नारळ आणि हळद लागलेलं रुपयाचं नाणं. फुलं कुंडीत, दोरा आणि प्लास्टिक वेगळं, नाणं देवळाच्या पेटीत. नारळ दुसऱ्या दिवशी आमच्या वाटणात.

त्या पुलाखालची ही खाडी इतिहासातली बडी असामी. हिच्या पलीकडच्या तीरावर पोर्तुगीजांचा वसईचा किल्ला. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो घेतला. १८६४ साली रेल्वे हे पाणी ओलांडून मुंबईकडे आली. पूल क्रमांक ७३ आणि ७५, मध्ये पाणजू. बेटावरच्या लोकांना होडी नसेल तेव्हा तो पूलच रस्ता. शाळेच्या वहीत मी चिमाजी अप्पांचं मोठं चित्र काढलं होतं. आजोबांनी ते कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "पाणजूची माणसं कुठे काढलीस?"

ड्यूटीवरून आले की ते होमगार्ड. ही संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी दंगलींच्या काळात पोलिसांच्या मदतीला उभी केली. आजोबांना त्यातलं भाषण कधी जमलं नाही, बंदोबस्त जमला. विसर्जनाच्या रात्री जेसल पार्कच्या चौपाटीवर ते गुडघाभर चिखलात उभे असत. भरती किती वाजता लागते ते त्यांना तोंडपाठ. शिट्टी फुंकून पोरांना मागे हटवायचे आणि प्रत्येक घरच्या गणपतीला पाटावरून उतरवताना खालून हात द्यायचे.

११ जुलै २००६च्या संध्याकाळी लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले, त्यातला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान. आजोबा तेव्हा निवृत्त होते. गणवेश पेटीत गेलेला. त्यांनी कपाटातल्या चादरी काढल्या, काखेत मारल्या आणि रुळांच्या दिशेने निघाले. झोळी करून जखमींना उचलायला चादरीच लागतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पहाटे परतले ते रिकाम्या हातांनी.

मला राग आहे तो हात जोडून फेकणाऱ्यांचा. देवावर एवढी माया असेल तर दहा मिनिटं पिशवी मांडीवर धरायला काय होतं? भाईंदरला उतरून निर्माल्य कलशात टाकायला काय होतं? भक्ती दाराबाहेर भिरकावायची आणि पुलावरच्या माणसाचं काय झालं ते वळूनही पाहायचं नाही, हे मला सोसत नाही. आजोबा रागावत नसत, म्हणून त्यांच्या वाटचाही मीच रागावते.

पण लिहिता लिहिता डोळ्यांपुढे येत राहते ती आजी. त्या चादरींत तिची एक कोरी, लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेली होती. तिने ती परत आली का म्हणून कधी विचारलं नाही. विसर्जनानंतर पहाटे तीन वाजता आंघोळीचं पाणी तिने तापवलं, चिखलाचा गणवेश तिने धुतला, परक्यांच्या निर्माल्याचा वास घरभर तिने सोसला. सत्काराची शाल आजोबांना मिळाली. ती घडी करून ठेवली तीही तिनेच. त्यांच्या सेवेतली निम्मी सेवा आजीची होती, आणि तिला कुणी कुठल्या मंचावर बोलावलं नाही.

आजोबा गेल्यावरही आजीने कुंड्या मोडल्या नाहीत. इमारतीतली माणसं गणपतीत आणि नवरात्रात निर्माल्य तिच्याच दारात आणून ठेवतात. आणा, ती नाही म्हणणार नाही. फक्त पिशवीला गाठ मारू नका. तिची बोटं आता वाकत नाहीत, आणि कात्री ती लावत नाही.