आजोबांचा भाग

शेअर्सविषयी माझी मते अगदी ठाम आहेत. मात्र ती बाजारभावाप्रमाणे बदलतात. 2020 च्या जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांच्या घरात होता. 'घसरणीत विकू नये, उलट घ्यावे,' असे मी तेव्हा आमच्या नगरच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनासुद्धा ऐकवीत असे. 23 मार्चला तो एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळून 25,981 वर आला. दोन दिवसांनी पाडवा, त्याच दिवशी टाळेबंदी. संध्याकाळी गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेले सारे शेअर्स विकून टाकले. हिला बोललो नाही.

घरात कोंडून पडलेला माणूस ट्रंका आवरतो. तळाशी आजोबांचा कागद निघाला: लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा भाग. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून असे भाग जमवले. धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. या भागाचा भाव कुठल्या बाजारात चढत नाही की उतरत नाही. भाग कितीही असोत, मत एकच. आजोबांना रोज सकाळी उठून ऊस पाहायचा असे. 1972 च्या दुष्काळात तोही वाळला, पण घाबरून विकायची सोयच नव्हती! भागासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या होत्या. तिला विचारून, असे ती अभिमानाने सांगे.

2021 च्या जानेवारीत सेन्सेक्स 50 हजारांना शिवला. हिने वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले.

"अहो, मग आपले किती झाले?"

मी चष्मा शोधू लागलो.